सावरलेली उत्तरं

ताईचा जीव मुळातच टांगणीला लागलेला असायचा, त्याला परीक्षेची गरज नव्हती. घराबाहेर पडताना कुलूप ओढून बघायचं, जिना उतरला की परत वर जाऊन ओढायचं, आणि रस्त्यावर आल्यावर नवऱ्याला फोन करून विचारायचं, गॅस बंद केलाय का. नवरा एकदा म्हणाला, "अगं, बघतो ना. पण मी घरातच आहे. मला आत ठेवून कुलूप लावलंयस तू." असं हे ध्यान. अशा बाईनं दुभाष्याचं काम घ्यावं, तेही कॉलेजात, जिथे प्राध्यापकापासून शिपायापर्यंत प्रत्येकाला घाई असते, म्हणजे बघा.

तळमजल्यावर, जिन्याच्या पोटात, सहायता केंद्राची खोली होती. तिथे एक अंध मुलगा पुस्तकं कानांनी अशा वेगानं ऐकायचा की शेजारच्याला वाटावं, यंत्र बिघडलंय. चाकाच्या खुर्चीतली एक मुलगी रोज नव्यानं लिफ्टवरून भांडायची आणि रोज नव्यानं जिंकायची. ताईच्या वाट्याला आली होती खळी.

खळीला ऐकू येत नसे. ती अबोल होती असं मात्र कुणी म्हणू नये. हातांनी ती इतकं बोलायची की शेजारी बसलेल्यानं चहाचा कप लांब ठेवावा. खुणांच्या भाषेत माणसाचं नाव अक्षरं जुळवून सांगत बसत नाहीत, माणसाचं काहीतरी नेमकं पकडतात. गालावर बोट टेकवून फिरवलं की ती खळी. नाकावरचा चष्मा बोटानं वर ढकलला की ताई. कागदावर दोघींची नावं काय होती ते असो, ती कुणी वापरली नाहीत.

काम असं चालायचं. वनस्पतिशास्त्राच्या वर्गात सर फळ्यापाशी, त्यांच्या बाजूला ताई, समोर पहिल्या बाकावर खळी. सर बोलतील ते ताईच्या हातांत यायचं, खळीचे हात बोलतील ते ताईच्या तोंडी. आणि तोंडी सांगताना दुभाष्यानं 'ती म्हणते' असं म्हणायचं नसतं. 'मी' म्हणायचं. खळी बोलते, आवाज तेवढा ताईचा. पहिल्या आठवड्यात ताई म्हणाली, "सर, मला हे कळलं नाही," तर सर वैतागून म्हणाले, "बाई, तुम्हाला कळलं नाही तरी चालेल, आधी तिला कळलंय का विचारा." सगळा वर्ग हसला. खळीला कारण सांगितल्यावर तीही पोट धरून हसली, वर्ग शांत झाल्यावर, एकटीच.

प्रशिक्षणात ताईला एक नियम घोटून घोटून शिकवला होता. जे सांगितलं तेच सांगायचं. कमी नाही, जास्त नाही, गोड करून तर अजिबात नाही. ताईनं मान डोलावली होती. मान डोलवायला काय जातंय!

तिची खोड त्याच्या कितीतरी आधीची होती. तिच्या आईबाबांना, दोघांनाही, ऐकू येत नसे. बाबा शिंपी. दुकानात गिऱ्हाईक आलं की इवलीशी ताई मधे उभी. गिऱ्हाईक खेकसायचं, "या बहिऱ्याला काय डोंबल कळतंय, बाही आखूड करून ठेवली!" ताई बाबांना खुणेनं सांगायची, काका म्हणतायत, बाही जरा लांब हवी होती. बाबा रागानं हात उडवायचे, याला म्हणावं माप तूच दिलंस, डोळे फुटलेत का तुझे! आणि ताई त्या माणसाला सांगायची, "बाबा म्हणतात, उद्या करून देतो." माणूस शांत, बाबा शांत, दुकान चालू. शेजारपाजारचे म्हणायचे, पोर किती शहाणी आहे. त्या शहाण्या पोरीच्या पोटात सारखा गोळा यायचा, हे कोण बघणार? दोघांचीही भांडणं तिच्या एकटीच्या पोटात जात होती.

ती खोड घेऊन ती वर्गात उभी राहिली. पहिल्या वर्षी खळीचं एक उत्तर अर्धवट आलं आणि मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. खळीला ते ऐकू आलं नाही, ताईला आलं. ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याच तासाला सरांनी खळीला विचारलं, "मुळांना काय काय लागतं?" खळीनं झोकात सांगितलं, मुळांना पाणी लागतं, हवा पानांना लागते, मुळं तर पुरलेली असतात, त्यांना कशाला हवी हवा! मागचा बाक कान टवकारून बसलेलाच होता. ताईनं आदल्या दिवशी धडा वाचलेला, धास्तीपायी ती सगळेच धडे वाचून यायची. तिच्या तोंडून निघून गेलं, "मुळांना पाणी लागतं, सर, आणि मातीतली हवासुद्धा."

"वा! छान!" सर म्हणाले.

ताईनं हातांनी सांगितलं, सर म्हणतायत, छान. खळीची मान ताठ झाली, मागचा बाक गप्प बसला. काय बिघडलं? एकदाच तर झालं.

पण पहिल्यांदा बिचकत केलेली गोष्ट पुढे सवयीनं होते. कुठे अडखळलेलं वाक्य सरळ करून दे, कुठे राहिलेला शब्द भर, कुठे उलटं सांगितलेलं सुलटं कर. रोज नव्हे हो, पण होत राहिलं. सर सगळ्यांना सांगायचे, ही पोर हुशार आहे. आणि ती होतीच हुशार, त्यात खोटं काही नव्हतं. कॉलेजच्या मागे विद्यार्थी एक रोपवाटिका चालवायचे, तिथे खळी शिरली ती तिथलीच झाली. चिखलात उभी राहून तिनं पोरापोरींना खुणा शिकवल्या. पाणी, फावडं, पुरे, आणि दोन शिव्या, त्या सगळ्यांत आधी पाठ झाल्या. शेवटच्या वर्षी ठरलं की पुढच्या वर्षी रोपवाटिकेची प्रमुख खळी. ऐकू न येणारं कुणी तिथे आजवर प्रमुख झालं नव्हतं. अट एकच, पुढच्या वर्गात प्रवेश मिळायला हवा. आणि प्रवेश अवलंबून होता प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेवर. त्या परीक्षेला बाहेरच्या परीक्षक बाई यायच्या होत्या, कडक म्हणून गाजलेल्या.

परीक्षेच्या आदल्या दुपारी दोघी रोपवाटिकेत तयारीला बसल्या. प्रकल्प साधा होता, टोमॅटोची रोपं कुठल्या मातीत चांगली वाढतात. एका वाफ्यात वाळूसारखी भुसभुशीत माती, दुसऱ्यात चिकण. दोन्हींना सकाळ-संध्याकाळ भरपूर पाणी. भुसभुशीत मातीतली रोपं जगली. चिकण मातीतली पिवळी पडली आणि माना टाकून मेली.

ताईनं परीक्षक बाईंचा आव आणला, चष्मा खाली ओढला आणि खुणेनं विचारलं, ही का मेली?

खळी म्हणाली, चिकण मातीत कस नाही. पाणी मी भरपूर दिलं, त्यात कसूर नाही. मुळांना पाणीच तर लागतं.

आणि हवा? ताईनं विचारलं.

खळी हसली. मुळांना हवा लागत नाही. विसरलीस? पहिल्या वर्षी मी सांगितलं तेव्हा सर छान म्हणाले होते. तूच तर मला सांगितलंस.

ताईच्या तोंडचं पाणी पळालं. समोर वाळलेल्या रोपांचा वाफा होता आणि त्यातलं एकही रोप मातीनं मारलेलं नव्हतं. पाणी साचून साचून मातीतली हवा गेली, मुळं कुजली. आणि हे पोरीला ठाऊक नव्हतं, कारण पोरीची चूक सरांपर्यंत पोचलीच नव्हती. ती वाटेतच कुणीतरी पुसली होती.

तेव्हाच सांगून टाकायचं! एवढी दुपार होती, दोघीच होत्या. ताईनं हात उचललेही. पण सांगायचं काय? मुळांना हवा लागते, एवढंच सांगून भागणार नव्हतं. मग सर छान का म्हणाले, आणि आणखी कशाकशाला म्हणाले, सगळं बाहेर आलं असतं. उद्या परीक्षा, आज पोरीच्या पायाखालची जमीन काढून घ्यायची? ताईनं हात खाली घेतले आणि चष्मा पुसत बसली. खळीनं विचारलं, बरोबर आहे ना? ताई म्हणाली, मान वर करून सांग, घाबरू नकोस. बघा, कोण कुणाला सांगत होतं!

संध्याकाळी जेवताना बाबांनी तिच्यासमोर हात हलवला. बाबा आता म्हातारे, तिच्याकडेच राहायचे. नजर मात्र अजून सुईत दोरा ओवायची. काय झालं, त्यांनी विचारलं, भात नुसता चिवडते आहेस. ताईनं सगळं सांगितलं. बाबांनी हातातला घास ताटात परत ठेवला. मग त्यांचे हात सावकाश हलले.

दुकानात पण तू असंच करायचीस.

ताई चमकली. तुम्हाला माहीत होतं?

तोंडं दिसायची ना मला. माणूस लाल झालेला, आणि तू सांगायचीस, बाही जरा लांब हवी होती. बाबा हसले, पण नीटसं हसू आलं नाही त्यांना. मी म्हटलं, पोर लहान आहे, घाबरते, राहू दे. पण त्यातल्या एका माणसाशी तरी मला मनसोक्त भांडायचं होतं गं. कधी भांडताच आलं नाही.

ताईला तोंडातल्या घासाचा ठसका लागला. नवरा पाणी आणायला धावला. त्याला वाटलं, भाजी तिखट झाली.

सकाळी ती कॉलेजात पोचली तेव्हा काहीच ठरलेलं नव्हतं. वाटेत कुलूप आठवलं नाही की गॅस आठवला नाही, यावरून काय ते समजा. परीक्षेची खोली प्रयोगशाळेला लागून होती, लांब टेबल, पलीकडे परीक्षक बाई आणि सर. बाई किडकिडीत, केस कापलेले, आवाज बारीक आणि धारदार. सर ताईकडे बघून हसले, आपली पोर आज चमकणार असं ते हसू.

पहिले प्रश्न सोपे होते. बिया कुठल्या, कधी पेरल्या, उंची कशी मोजली. खळीचे हात सफाईनं चालत होते आणि ताईचा आवाज त्यांच्यामागून. मग बाईंनी पेन खाली ठेवलं.

"चिकण मातीतली रोपं का मेली?"

खळीनं सांगितलं. काल सांगितलं तसंच, त्याच झोकात.

ताईनं तोंड उघडलं. बरोबर उत्तर जिभेवर तयार होतं. एक वाक्य, बस. 'पाणी साचलं, हवा मिळाली नाही, मुळं कुजली.' सर खूश, बाई खूश, प्रवेश पक्का, रोपवाटिका पक्की. कुणाला कळणार होतं? खोलीत तिच्याशिवाय खुणा कुणाला येत होत्या! खळी वाट बघत होती, माझं बोलणं अजून पोचलं कसं नाही, अशी तिच्या ओठांकडे बघत.

"चिकण मातीत कस नसतो," ताई म्हणाली. "पाणी मी भरपूर दिलं होतं. मुळांना पाणीच लागतं. हवा लागत नाही."

सरांच्या चेहऱ्यावरचं हसू विझलं. बाईंच्या भुवया वर गेल्या.

"हवा लागत नाही? कुणी सांगितलं तुला?"

ताईचे हात बाईंचा प्रश्न घेऊन गेले आणि खळीचं उत्तर घेऊन आले. "सरांनी. पहिल्या वर्षी मी हेच उत्तर दिलं होतं. सर, तुम्ही छान म्हणाला होतात."

"मी?" सर खुर्चीतून अर्धे उठले. "असं मी कसं म्हणेन? शक्यच नाही!"

हेही ताईला सांगावं लागलं. खळीनं सरांकडे पाहिलं, मग ताईकडे, मग पुन्हा सरांकडे. तिच्या कपाळावर आठी उमटली. ताईला वाटलं, आत्ता जमीन दुभंगावी. पण जमिनीला असल्या वेळी कधी सवड नसते.

"ते तुमचं तुम्ही नंतर बघा," बाई म्हणाल्या. "हे चूक आहे. साफ चूक."

ताईनं ती खूण केली. चूक. साफ चूक. तीन वर्षांत वर्गातल्या कुणाच्या तोंडची ही खूण तिनं खळीसमोर केली नव्हती. हात दगडाचे झाल्यासारखे जड होते.

ताईला वाटलं पोर रडेल. खळी रडली नाही. ती पुढे सरकून बसली.

"चिकण मातीत कस भरपूर असतो," बाई म्हणाल्या. "मुळंही श्वास घेतात. आता पुन्हा विचार कर. भुसभुशीत मातीत तीच रोपं का जगली?"

खळीचे हात उठले, अडखळत, थांबत, माघार घेत. ताईनंही तसंच सांगितलं, अडखळत, थांबत. वाक्य सरळ करायला तिची जीभ शिवशिवत होती, ती तिनं दातांखाली धरली. "त्या मातीत... पाणी थांबत नाही. निघून जातं. ते गेलं की... तिथे हवा येते. चिकण मातीत पाणी निघत नाही. आणि मी तर दोन्ही वेळा..." खळीचे हात मधेच राहिले. मग तिनं उरलेलं सांगितलं. "म्हणजे मातीनं नाही. मीच मारली."

"हं," बाई म्हणाल्या आणि पेन उचललं. "आता कुठे बोललीस. बाहेर थांबा जरा."

बाहेर व्हरांडा होता, खिडकीखाली एक बाक. दोघी बसल्या नाहीत. खळीनं विचारलं, सर खोटं बोलले का?

नाही, ताई म्हणाली. सर खरं बोलले. तू हवा लागत नाही म्हणालीस. मी त्यांना सांगितलं, लागते.

का?

मागे कुणीतरी हसलं होतं. मला सहन झालं नाही.

एकदाच?

ताईनं मान हलवली. नाही.

किती वेळा?

आता काय सांगणार? मोजलं होतं कुणी? ताईचे हात धावायला लागले. मला वाटलं तुझं भलं होईल, तू हुशार आहेस, थोडंसंच तर सावरायचं होतं, कालच सांगणार होते, देवाशप्पथ सांगणार होते...

खळीनं दाराला पाठ टेकवून डोळे मिटून घेतले.

आपण एखाद्याचं ऐकायचं नाही म्हटलं तरी चार शब्द कानांत शिरतातच. खळीनं डोळे मिटले की संपलं, दार बंद. ताई तिच्यासमोर हात हवेत धरून उभी राहिली. माफी मागायची होती, पण बघायला कुणी नव्हतं. खांद्याला हात लावून तिला हलवावं, असा विचार तिच्या मनात आला. तिनं हात मागे घेतला. डोळ्यांत पाणी आलं, चष्म्यावर वाफ धरली, आणि व्हरांड्यातून जाणारा शिपाई म्हणाला, "ताई, नापास झाली का पोरगी?"

तेवढ्यात आतून हाक आली. ताईनं दाराची कडी हलवली, तिच्या हादऱ्यानं खळीनं डोळे उघडले. ताईकडे न बघता ती आत गेली.

"पास केलंय," परीक्षक बाई म्हणाल्या. "गुण बेताचे आहेत, पण पुढच्या वर्गात घ्यायला माझी हरकत नाही. स्वतःची चूक स्वतः शोधली, त्याचे दिलेत." सरांनी हुश्श केलं, अगदी ऐकू येईल असं. ताईनं सगळं सांगितलं, हुश्शसुद्धा. तिच्या छातीवरचा धोंडा एवढासा सरकला.

"काही विचारायचंय तुला?" सर म्हणाले.

खळी म्हणाली, हो. आणि पहिल्यांदा ताईकडे वळून तिनं बजावलं, मी सांगेन तसंच सांग.

मग ती सरांकडे तोंड करून बोलायला लागली. तिचे हात नेहमीसारखे उडत नव्हते. एकेक खूण स्वच्छ, दुसरीपासून सुटी, कुणालाही चुकवता येऊ नये अशी.

"सर," ताई म्हणाली, "तीन वर्षं माझ्या दुभाष्यानं माझी उत्तरं बदलून तुम्हाला सांगितली. मला ते आत्ता बाहेर कळलं."

सरांनी चमकून तिच्याकडे पाहिलं. ताई त्यांच्याकडे बघत नव्हती.

"पहिल्या वर्षी, मुळांच्या वेळी, मी तुमच्या छानवर विश्वास ठेवला, पुस्तक बघितलंच नाही. नंतर मी घरी जाऊन पुस्तक उघडायचे. कधी कधी माझं उत्तर चुकलेलं असायचं. आणि तुम्ही तर छान म्हणाला असायचात. मला वाटायचं, तुम्ही माझी कीव करता. ऐकू न येणाऱ्या पोरीला कशाला चूक म्हणायचं, म्हणून छान म्हणता. म्हणून मी तुम्हाला विचारणंच सोडलं. रोपं पिवळी पडायला लागली तेव्हा तुम्ही रोज समोरून जात होता. मी विचारलं नाही. म्हटलं, हे छानच म्हणतील."

इथे एक शब्द घालायचा होता तिला, एकच. 'मायेपोटी.' माझ्या दुभाष्यानं मायेपोटी बदललं. खोटंही नव्हतं ते! पण खळीच्या हातांत तो शब्द नव्हता. ताईनं तो गिळला आणि पुढचं सांगितलं.

"मी चुकीचं बोलले असते तर वर्ग हसला असता. हसू दे की. मला ते ऐकू येत नाही. मला चूक कळली असती, आणि माझी रोपं जगली असती." खळी थांबली. तिनं श्वास घेतला. पुढच्या खुणा ताईला दिसल्या, समजल्या, आणि क्षणभर तिला वाटलं, आपल्याला ही भाषा कधी आलीच नसती तर बरं झालं असतं. मग तिनं तेही सांगितलं, स्पष्ट, शेवटच्या भिंतीपर्यंत जाईल अशा आवाजात.

"पुढच्या वर्षी मला दुसरा दुभाषा द्या."

सर ताईकडे बघत होते, बोला ना, तुमची बाजू सांगा, असं. ताईनं सांगितलं नाही, कारण तिला कुणी विचारलं नव्हतं. ती खळीच्या हातांकडे बघत उभी होती, कारण ते अजून खाली गेले नव्हते.